पतंगी कागद की जपानी टिश्यू? आधी सांगाड्याला विचारा

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: पुतण्याबरोबर संचातून २४ इंची पंखाचं, पिळलेल्या रबरावर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान बांधलं. सांगाडा अगदी सरळ झाला होता. संक्रांतीचा उरलेला पतंगी कागद फेविकॉलने लावला, ताणण्यासाठी पाणी फवारलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डावा पंख पिळलेला आणि मागची कडा दर दोन बरगड्यांच्या (पंखातल्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये आत ओढली गेलेली. आता सगळा कागद काढून महागडा जपानी टिश्यू मागवायचा, की इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिक फिल्म घ्यायची, की आहे त्यातच भागवायचं? दुसरा छोटा प्रश्न उरलेला कागद कसा ठेवायचा, हा.

भाऊ, तुम्ही कागद कोणता घ्यावा हे विचारलंय, पण तुमच्या वर्णनात कागद कुठेच हरलेला दिसत नाही. तो फाटला नाही, सुटला नाही, सैल पडला नाही. उलट त्याने आपलं काम गरजेपेक्षा जास्त केलं आणि सांगाडा त्याच्यापुढे कमी पडला. बाज विणताना एकाच अंगाने सुतळी आवळत गेलं की चौकट तिरकी होते, तसं तुमच्या पंखाचं झालंय. म्हणून खरा प्रश्न असा मांडू: या सांगाड्याला किती ओढ सोसेल, आणि तेवढीच ओढ देणारा कागद कोणता? कागदाचं नाव, देश, किंमत हे सगळं त्यानंतर.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. बाल्सा मऊ होता की कडक, मागची कडा किती रुंद, बरगड्यांमधलं अंतर किती, विमान घरामागच्या मैदानात उडणार की शेतात, आणि कागद कोणत्या महिन्यात लावला, यावर उत्तर बदलतं. तुमच्या संचातली मागची कडा बहुधा ३ मिमी जाडीची आणि मऊ लाकडाची असावी. अशा संचांत तसंच असतं. पुढचं सगळं मी तेच धरून लिहितोय. तुमची कडा कडक आणि रुंद असेल तर थोडी जास्त ओढ चालेल.

आधी वजनाचा हिशेब करून टाकू, कारण लोक कागद निवडताना सगळ्यात आधी वजनाला घाबरतात. २४ इंच म्हणजे साधारण ६० सेंमी पंख, रुंदी १० सेंमी धरली तर एका बाजूने ६०० चौरस सेंमी. वरून आणि खालून मिळून १२००. शेपूट आणि धड मिळून आणखी ९०० धरा. म्हणजे सगळा कागद २१०० चौरस सेंमी, पाव चौरस मीटरपेक्षाही थोडा कमी. १२ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२ ग्रॅम भरणारा कागद लावला तर अडीच ग्रॅम. २० जीएसएमचा लावला तर सव्वाचार ग्रॅम. इस्त्रीची साधी फिल्म चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास भरते, ती लावली तर साडेबारा ग्रॅम. तुमचं विमान रबर सोडून ३५-४० ग्रॅमचं व्हायला हवं. तेव्हा फिल्म या विमानापुरती बाद. पण हलका टिश्यू आणि बरा पतंगी कागद यांत फरक पावणेदोन ग्रॅमचा. रबराच्या विमानाला तोही जाणवतो, पण त्याने विमान उडायचं थांबत नाही. पिळलेल्या पंखाने मात्र थांबतं.

याला एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा: शेपूट. रबराच्या विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब असतं. शेपटीवर एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम माती भरावी लागते. म्हणून मी पंखाला आणि धडाला कोणताही कागद लावला तरी शेपटीला घरात असलेला सगळ्यात हलका तुकडा राखून ठेवतो. शेपटीच्या काड्या सगळ्यात बारीक असतात, त्यामुळे ओढीच्या हिशेबानेही तिथे हलका कागदच लागतो. एकाच विमानाला दोन प्रकारचे कागद लावायला लोक का कचरतात कळत नाही. चांगलं दिसत नाही म्हणे. हवेत गेल्यावर कोण बघतंय?

आता बाजारात काय काय मिळतं ते. जुन्या लोकांच्या तोंडी नाव असतं एसाकीचं. हा जपानी टिश्यू हलका, लांब तंतूंचा, ओला झाला तरी हातात टिकणारा, आणि आकसताना सगळीकडे सारखा आकसणारा. त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता फिरतो तो जुना साठा आणि त्याच्या किमती तशाच. त्याच्या जागी आज परदेशी दुकानांतून जे हलके टिश्यू येतात त्यांतले काही उत्तम आहेत, काही नुसते भेटवस्तू गुंडाळायचे कागद आहेत. नावावर जाऊ नका. भेटवस्तूंचा टिश्यू, बुटांच्या खोक्यातला टिश्यू साधारण १७ ते २० जीएसएमचा, तंतू आखूड, ओला झाला की लगदा. कोरडाच लावून हलक्या हाताने फवारला तर शिकाऊ विमानाला चालतो.

पतंगी कागदाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही डिसेंबरच्या शेवटी तावांचे गठ्ठे येतात, आणि त्यांत दोन ताव सारखे निघतील याची खात्री नाही. काही ताव इतके छान पातळ असतात की परदेशी टिश्यूची आठवण येऊ नये. काहींना चकाकी यावी म्हणून वरून लेप असतो. त्यावर पाणी थांबतं, डोप (कागद ताणून पक्का करणारं पातळ वार्निश) शिरत नाही. पन्नीचे पतंग निघाल्यापासून कागदाचा खप कमी झाला, म्हणून दुकानदाराकडे कधी मागच्या वर्षीचा कागदही असतो, कडेने पिवळा पडलेला. तरीही मी पतंगी कागदाला नावं ठेवणार नाही. तो पारखून घ्यावा लागतो, एवढंच.

मोठ्या, मीटरभर पंखाच्या विमानाला पॉलिस्पॅन नावाचं न विणलेलं पॉलिस्टर येतं. ते उष्णतेने ताणतात, दमट हवेत ते सैल पडत नाही, फाटायलाही चिवट. पण त्याची छिद्रं भरायला डोप जास्त लागतं, आणि तुमच्या विमानाला ते जड होईल. इस्त्रीची फिल्म बॅटरीच्या किंवा इंजिनाच्या रेडिओवाल्या विमानाला ठीक. तिच्यात आणखी एक खोट आहे, ती आपल्या भागात लगेच दिसते: मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाची फिल्म तापून सैलावते, सुरकुत्या पडतात, पुन्हा इस्त्री फिरवावी लागते. शिवाय डोप लावलेला कागद पंखाला पिळण्याविरुद्ध जो ताठपणा देतो, तेवढा फिल्म देत नाही. हलक्या सांगाड्याला कागदाचा हा आधार हवाच असतो. म्हणून तर बरगड्या एवढ्या बारीक ठेवता येतात.

आता पारख. दुकानात उभ्या-उभ्या होते ती पहिली: एक कोपरा हळूच फाडून बघा. एका दिशेने कागद सरळ रेषेत फाटत जातो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती कागदाची ग्रेन, छापखान्यातले लोकही हाच शब्द वापरतात. दोन्ही दिशांनी भसकन फाटला आणि कडेला केसासारखे तंतू दिसलेच नाहीत, तर ताव परत द्या. दुसरी पारख ओल्या बोटाची. बोट ओलं करून कागदावर टेकवा. पाणी लगेच मुरलं तर चांगलं, मण्यासारखं थांबलं तर लेप आहे. बोटाला रंग आला तर तो कागद पाणी फवारल्यावर शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर उतरणार हे नक्की. लाल आणि जांभळा रंग यात सगळ्यात बदनाम.

तिसरी पारख वजनाची, आणि यासाठी आपला सोन्याच्या पेढ्यांचा जळगाव जिल्हा भाग्यवान आहे. ओळखीच्या सराफाकडे जा. तावातून ५० बाय ५० सेंमीचा तुकडा मोजून कापा, घडी करून त्याच्या काट्यावर ठेवा. जे ग्रॅम येतील त्याला चारने गुणा, तेच तुमचं जीएसएम. तीन ग्रॅम आला तर १२, पाच आला तर २०. सात-आठ ग्रॅम आला तर त्याचा आकाशकंदील करा. सोन्याच्या काट्यावर पतंगाचा कागद ठेवल्यावर दुकानातले चार लोक हसतील, पण एकदा कारण सांगितलं की पुढच्या वेळी तेच विचारतात, किती भरला?

चौथी पारख घरी, आणि माझ्या मते हीच निर्णायक. उरलेल्या बाल्साच्या काड्यांची १५ बाय १० सेंमीची चौकट करा, काड्या तुमच्या शेपटीच्या जाडीच्याच घ्या. मध्ये एक काडी बरगडीसारखी. एका बाजूला कागद लावा, पाणी फवारा, मोकळी सोडा. चौकट किती वाकली ते बघा. मग दुसऱ्या बाजूलाही लावून बघा, सरळ होते का. दोन वेगळे कागद असतील तर दोन चौकटी. हे काम तासाभराचं आहे आणि त्यात जे कळतं ते कोणत्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. चौकट वाकवणारा कागद पंखावर लावायचाच असेल तर आधी त्याची ओढ काढून घ्यावी लागते. कशी, ते पुढे येतंच.

ग्रेनबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या पंखाचं निम्मं उत्तर इथे आहे असा माझा अंदाज आहे. कागदातले तंतू बरेचसे एकाच दिशेने झोपलेले असतात. ओले झाले की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. वाळले की जाडीतच आकसतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो आणि जास्त आकसतो. पंखावर ग्रेन नेहमी पंखाच्या लांबीला धरून ठेवायची, मुळापासून टोकाकडे. तसं केलं की जोराची ओढ पुढच्या आणि मागच्या कडेच्या मध्ये राहते, बरगड्या ती पेलतात, आणि दोन बरगड्यांच्या मध्ये कागद भुकेल्या पोटासारखा खोल जात नाही. धडावर ग्रेन नाकाकडून शेपटीकडे. शेपटीलाही पंखासारखीच, टोकाकडे.

तावाचे तुकडे वाचवायच्या नादात डाव्या पंखाला उभी ग्रेन आणि उजव्याला आडवी असं झालं, तर दोन्ही पंख वेगवेगळे ओढले जातात आणि विमान जन्मभर एकीकडेच वळतं. तुमचा फक्त डावाच पंख पिळला म्हणता, तेव्हा आधी हे तपासा. वर एका दिशेने आणि खाली दुसऱ्या दिशेने लावलेला कागदही पीळ आणतो.

चकचकीत बाजू बाहेर, खरखरीत आत. याने उडण्यात फरक पडत नाही, पण डोप कमी पितो आणि दिसतो नीट.

मग ओढ आधीच काढून घ्यायची पद्धत. लाकडी चौकट घ्या, जुन्या फोटोची चालेल. तिच्यावर पतंगी कागद कडेने चिकटपट्टीने सैलसर लावा. बारीक फवाऱ्याने पाणी मारा, सावलीत वाळू द्या. कागद ढोलासारखा ताणला जाईल. मग पुन्हा एकदा फवारा, पुन्हा वाळवा. आता चौकटीतून कापून घेतलेला कागद आपली बरीचशी आकसण खर्च करून बसलेला असतो. तो पंखावर लावून फवारला तर सुरकुत्या जातात, पण सांगाडा मोडेल एवढी ओढ उरत नाही. बारीक काड्यांच्या विमानाला मी चांगला जपानी टिश्यूसुद्धा असाच लावतो. कोरड्या कागदाला चौकटीवरून काढताना हाताने ताणू नका.

चिकटवायचं कशाने? डोपने चिकटवणं ही जुनी रीत, आणि ती छानच आहे; पण शिकणाऱ्याला गोंदकांडी सोपी. फेविस्टिकसारखी गोंदकांडी कडेवर फिरवायची, कागद ठेवायचा, सुरकुती आली तर लगेच उचलून पुन्हा ठेवता येतो. फेविकॉल लावायचाच तर निम्मं पाणी घालून, बारीक ब्रशने, आणि फक्त चौकटीच्या कडांना. वरच्या बाजूला प्रत्येक बरगडीला गोंद लावू नका. कागद कडेपासून कडेपर्यंत मोकळा राहिला की ओढ सारखी वाटली जाते. खालची बाजू पोकळ असेल, म्हणजे बरगडी खालून कमानीसारखी असेल, तेव्हाच खाली प्रत्येक बरगडीला चिकटवायचं, नाहीतर आकसताना कागद कमान सोडून सरळ होतो. आधी खालची बाजू, मग वरची, आणि पाणी दोन्ही बाजू लागल्यावरच. एकच बाजू लावून पाणी मारलं तर पंख तिकडे वाकणारच. पंख जिथे मोडून वर उचललेला असतो त्या सांध्यावरून एकच कागद नेऊ नका, दोन्ही अंगांना वेगळा तुकडा. गोल टोकालाही वेगळा छोटा तुकडा, तो थोडा ओलसर करून बसवला की वळणावर चुण्या पडत नाहीत.

पाण्याऐवजी अर्धं पाणी आणि अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं तर ओढ कमी येते आणि वाळतंही लवकर. नाजूक शेपटीला मी तेच वापरतो. औषधाच्या दुकानात मिळतं. ज्वलनशील आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि आता ती गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही, म्हणून बहुधा केली नसावी: फवारल्यावर पंख पाटावर पिनांनी जखडून ठेवणं. कागद ज्या आकारात वाळतो तोच आकार पंखाला कायमचा देतो. पाट सपाट हवा. पंखाखाली दोन-तीन मिमीचे लाकडाचे तुकडे ठेवा म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि कडा पिनांनी दाबा. कागदातून पिना घालायच्या नाहीत, कडेच्या बाहेरून तिरप्या टोचून कडेवर दाब द्यायचा. दोन्ही टोकांपाशी मागच्या कडेखाली दोन मिमीचा जादा तुकडा ठेवला तर टोकं किंचित वर राहतात. याला वॉशआउट म्हणतात, आणि अशाने विमान मंदावलं की एका पंखावर कोसळत नाही. दोन्हीकडे सारखंच ठेवायचं, मोजून. रात्रभर तसंच राहू द्या.

डोपशिवायही विमान उडतं, आणि हिवाळ्यात दोन-चार वेळा उडवायचं असेल तर नुसता पाण्याने ताणलेला कागद पुरे. पण पावसाळ्यात तो ओल्या पापडासारखा लोंबतो. टिकवायचं तर डोप हवं. विमानाचं खास डोप इथे सहज मिळत नाही. त्याच्या जागी फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडचं क्लिअर एनसी लॅकर वापरता येतं, कारण मूळ पदार्थ तोच, नायट्रोसेल्युलोज. तिथेच मिळणारा सँडिंग सीलर मात्र कागदावर लावू नका. लाकडाची छिद्रं भरावीत आणि पॉलिशपेपरने घासता यावं म्हणून त्यात भरणीची पूड असते, ती कागदावर नुसतं वजन वाढवते. लॅकरमध्ये एनसी थिनर घाला, निम्मं-निम्मं किंवा त्याहून पातळ. मऊ रुंद ब्रशने एक हात, वाळल्यावर दुसरा. तुमच्या विमानाला एवढं पुरे, वजन ग्रॅमभर वाढेल.

या नायट्रोसेल्युलोजच्या, म्हणजे नायट्रेट डोपची खोड अशी की ते वाळल्यानंतरही महिनोन्‌महिने आकसत राहतं. त्यावर जुना उपाय एरंडेल तेल. तीस मिली पातळ केलेल्या लॅकरला चार-पाच थेंब. तेलाने थर लवचीक राहतो, ओढ मर्यादेत राहते. जास्त घातलं तर पृष्ठभाग चिकट होतो आणि त्यावर काही बसत नाही. फर्निचरच्या लॅकरमध्ये लवचीकपणासाठी काहीतरी आधीच घातलेलं असतं, म्हणून आधी तुमच्या चाचणीच्या चौकटीवर बिनतेलाचं लावून बघा. चौकट सरळ राहिली तर तेल नकोच. हे सगळं मोकळ्या ओसरीत करा. थिनरची वाफ जड असते, खाली साचते आणि पेट घेते. स्वयंपाकघर नको, देवापुढे निरांजन तेवत असेल ती खोली नको. पुतण्याला ब्रश देण्याआधी हे त्याला सांगा. पुढे कधी मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं इंजिन लावलंत तर हे डोप त्या इंधनाने विरघळतं, तिथे ब्युटिरेट डोप लागतं. रबराच्या विमानाला त्याची गरज नाही.

इथे थांबून हवामानाकडे येऊ, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला ४४-४५ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी. घरात मात्र कूलर. कूलर पाण्यावरून हवा आणतो, खोली दमट होते. त्या खोलीत कागद ओल शोषून वाढलेला असतो. तुम्ही तो तसाच नीटनेटका लावता, सुंदर दिसतो. विमान अंगणात नेलं की अर्ध्या तासात तो कोरडा होऊन आवळतो आणि पंख डोळ्यांदेखत पिळतो. म्हणून उन्हाळ्यात कागद लावायचाच तर कूलर बंद असलेल्या खोलीत, पहाटे. दुपारी डोप तर ब्रशवरच वाळतं, कागदापर्यंत पोचत नाही, रेघा उमटतात.

उलट जुलै-ऑगस्टमध्ये डोप पांढरं पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकून साय आल्यासारखं दिसतं. कोरड्या दिवशी वरून नुसत्या थिनरचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा जातं. माझा नेम साधा: सांगाडे पावसाळ्यात बांधायचे, कागद दिवाळीनंतर लावायचा आणि होळीच्या आत संपवायचा. तेव्हा हवा ना फार दमट ना फार कोरडी, कागदाची सुरुवातच मधल्या ओलाव्यावर होते, आणि पुढे उन्हाळा आला काय, पाऊस आला काय, तो दोन्हीकडे थोडाथोडाच हलतो.

उडवायची जागाही कागद ठरवते. आपल्याकडे मोकळं रान म्हणजे बहुतेकदा कापूस वेचून झालेलं शेत, आणि त्यात उभ्या पऱ्हाट्या. उतरताना त्या खालून कागदात घुसतात. म्हणून धडाच्या पोटाला आणि पंखाच्या मुळापाशी खालच्या बाजूला मी थोडा जाड, १८-२० जीएसएमचा पतंगी कागद लावतो. तिथली काडी मजबूत असते आणि ते वजन तोलाच्या जागेजवळ असतं, त्रास होत नाही. बाकी सगळीकडे हलका. रंगही शेत बघून निवडा. पांढरं विमान कापसात शोधणं आणि हिरवं विमान रावेर-यावलच्या केळीत शोधणं, दोन्ही गोष्टींना संध्याकाळ पुरत नाही. नारिंगी किंवा गडद पिवळा उत्तम. रंगाचा कागदच घ्या, वरून रंग मारू नका. कागदातला रंग वजनात मोजावा लागत नाही, डबीतला लागतो. नक्षी हवी तर दुसऱ्या रंगाच्या कागदाची पट्टी थिनरने वरून बसवा.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. जपानी टिश्यू मागवायची घाई नको, फिल्म तर नकोच. डाव्याच काय, दोन्ही पंखांचा कागद काढा. एका पंखावर नवा आणि एकावर जुना ठेवला तर ओढ पुन्हा असमान होईल. गोंदाच्या कडेवर ओल्या ब्रशने पाणी फिरवा, पाचेक मिनिटं थांबा, कागद हळूहळू सोलून काढा. बरगडी मऊ झालेली असते, ओढाओढ केली तर तीच हातात येईल. मग सांगाडा ओलसर असतानाच पाटावर पिनांनी सरळ जखडून वाळवा. आत ओढलेली मागची कडा बहुधा परत सरळ होईल. नाही झाली तर प्रत्येक बरगडीच्या टोकाला आणि कडेला जोडणारा एक छोटा त्रिकोणी तुकडा बाल्साचा चिकटवा, कडा ताठ होते. वजनाची भीती बाळगू नका, सगळे मिळून अर्धा ग्रॅमही होत नाही.

त्यानंतर तुमच्याच पतंगी कागदाची सराफाकडे पारख करा. १८-२० जीएसएमच्या आत आणि बिनलेपाचा निघाला तर चौकटीवर दोनदा ताणून पंखाला तोच लावा, ग्रेन टोकाकडे, दोन्ही पंखांना एकाच तावाचे तुकडे. शेपटीसाठी मात्र हलक्या टिश्यूचे दोनेक ताव मागवायला हरकत नाही, तिथे पैसे वसूल होतात. कागद जड किंवा लेपाचा निघाला तर मग पंखालाही टिश्यू घ्या, आणि पतंगी कागद धडाला वापरा. दोन्ही वेळेला पिना आणि पाट सुटता कामा नये. इतकं करूनही थोडा पीळ राहिला तर चहाच्या भांड्याच्या वाफेवर पंख धरा, उलट दिशेला थोडा जास्तच पिळा, आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. लॅकर लावलेल्या पंखालाही हे चालतं.

उरलेला कागद घडी घालून ठेवू नका, घडीच्या रेषेवर तो पुढे फाटतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, बाहेरून प्लास्टिकची पिशवी, आणि नळीवर पेन्सिलीने जीएसएम आणि ग्रेनची दिशा लिहा. उजेडात ठेवला तर रंग उडतो आणि तंतू ठिसूळ होतात. कपाटात जुन्या वह्या असतील तर कसर कागदाकडेही येते, तेव्हा डांबराची एक गोळी नळीच्या बाहेर, पिशवीत टाका. कागदाला टेकू देऊ नका.